सेल लागेपर्यंत थांबा, वहिनी

वहिनी, काल सेल लागला.

सकाळी दात घासत होतो आणि फोनवर मेसेज आला. 'तुम्ही ज्या गेमची वाट पाहत आहात, तो आता कमी किमतीत.' पाठवणाऱ्या कंपनीला काय ठाऊक, वाट कोण बघत होतं ते. अकाउंट माझं, म्हणून मेसेज मला आला. पण तो गेम अकाउंटवरच्या 'घ्यायचंय' यादीत टाकायला लावला होता तुम्ही. 'टाकून तर ठिवा, यादीत टाकायला पैसं न्हाय ना पडत?' असं म्हणून. मी तोंडातला फेस तसाच ठेवून उभा राहिलो आणि मग बेसिनला धरून रडलो. दहाव्याला रडलो नव्हतो. तेराव्याला तर पंगतीत वाढत होतो. रडू आलं ते सवलतीच्या मेसेजला. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

बाहेर दिवाळी आहे. बारामतीत भिगवण रोडला मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दारावर आकाशकंदील लागलाय, माझं दार तेवढं मोकळं. आपल्याकडं यंदा सण नाही. दसरा झाला आणि तुम्ही गेलात. सुतक फिटलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, दादा पुन्हा कंपनीत पाळीला जायला लागला. मला मात्र राहून राहून एकच वाक्य ऐकू येतं, आणि ते तुमचं असतं तर बरं झालं असतं. ते माझं आहे. 'सेल लागेपर्यंत थांबा, वहिनी.'

लोकांना सांगायला गेलो तर म्हणतील, घरातली बाई गेली आणि ह्याला लाज कशाची वाटतेय, तर व्हिडिओ गेमची. म्हणून लोकांना सांगत नाही. तुम्हाला सांगतो.

दादाचं लग्न होऊन तुम्ही सणसरहून वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आलात, तेव्हा मी सातवीत होतो. आई-अण्णा गावी, मी शिकायला दादाकडं. हाफ चड्डीतल्या पोराला तुम्ही पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हणालात, अहो-जाहो केलंत, आणि मी ते वर्गात चार जणांना सांगून आलो. माझी शाळा सकाळची, दादाची पाळी चहाच्या वेळेपर्यंत. जेवणं झाली की घरात आपण दोघंच.

दादानं कुणाकडून तरी वापरलेला कन्सोल मला आणून दिला होता. टीव्हीला जोडायचा, त्यात सीडी घालायची. गेम एकच धड चालायचा. डोंगरातली एक पोरगी, तिचं खेचर आणि खेचरावर मिठाची पोती. ह्या गावचं मीठ त्या गावाला पोचवायचं, वाटेत खिंडी, बर्फ, वारा. बंदूक नाही, मारामारी नाही, त्यामुळं मला तो अळणी वाटायचा. एक दिवस माझं खेचर चढावर पुन्हा पुन्हा कोसळत होतं आणि तुम्ही कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात.

'भाऊजी, कवाधरनं पळवताय त्याला. दमलं आसंल की. पाणी पाजा.'

'वहिनी, गेम आहे तो.'

'मग गेममधलं पाणी पाजा.'

पाजलं. खेचर चढलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही हात धुऊन, पदराला पुसून माझ्या शेजारी सतरंजीवर बसलात आणि म्हणालात, 'आता ते रिमोट हिकडं द्या.' कंट्रोलरला तुम्ही शेवटपर्यंत रिमोटच म्हणालात. पोरीचं नाव चंद्री ठेवलंत, खेचराचं हौशा. पडद्यावर इंग्रजीत भलतीच नावं यायची, ती आपण कधी मानली नाहीत.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की तुम्ही कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकून आत पळायचात. दादा चपला काढेपर्यंत आत चहा उकळत असायचा आणि बाहेर मी असा बसलेला, जणू दुपारभर मीच खेळतोय. दादा ओरडायचा, 'सारखा त्याच्यात डोकं घालून बसतोस.' आतून तुमचा आवाज यायचा, 'जाऊ द्या वो, लहान हायती ते.' आणि चहा आणताना त्याच्या पाठीमागून मला डोळा मारायचात. नवी सून दुपारी टीव्हीपुढं बसून गेम खेळते, हे कॉलनीतल्या बायकांना कळलं असतं तर त्यांना वर्षभर दुसरा विषय लागला नसता. ते गुपित मी चांगलं राखलं. इतकं चांगलं राखलं, की बोलायची वेळ आली तेव्हाही तोंड उघडलं नाही. ते पुढं सांगतो.

चंद्री शेवटच्या खिंडीपर्यंत पोचली होती. पुढं एक झुलता पूल, त्याच्या पलीकडं धुकं. तुमचा अंदाज पक्का होता. 'पलीकडं तिची आई आसंल बघा. न्हायतर यवढं मीठ घिऊन कुणासाठी जीव काढतीय?' पुलावर चंद्रीनं पाय उचलला आणि सीडी अडकली. एक पाय वर, मागं हौशा, सगळं गोठलेलं. आपण काय नाही केलं? सीडीला टूथपेस्ट चोळली, गार पाण्यानं धुतली, तुमच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानं पुसली, कुणीतरी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली. दर वेळी चंद्री तिथंच, एक पाय वर. मग एकदा वीज कमीजास्त झाली आणि कन्सोलच बसला. तुम्ही सीडी टाकली नाहीत, साड्यांच्या घडीखाली ठेवलीत.

पुढं मी पुण्याला शिकायला गेलो. हॉस्टेलमधल्या एका मित्राकडं तोच गेम होता, त्याच्याकडं बसून मी शेवट बघितला. सुट्टीला आलो तो दारातूनच म्हणालो, 'वहिनी, माहितीय का पलीकडं काय आहे?' तुमच्या कडेवर पल्लवी होती. तुम्ही तिला खाली सोडलंत आणि दोन्ही हात कानांवर ठेवलेत. 'सांगायचं न्हाय हां भाऊजी. शपथ हाय. माझं मी बघीन.'

मी सांगितलं नाही. आजवर नाही.

माझं हे चॅनेल सुरू झालं, त्याचे पहिले प्रेक्षकही तुम्हीच. दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम आणि संध्याकाळी कॅमेऱ्यापुढं बसून गेमवर बोलणं, असा माझा उद्योग. पहिला व्हिडिओ तुम्हाला पाठवला तर तुमचा फोन आला, 'चांगलं हाय, पर भाऊजी, तुमी पुण्याच्या बँकेतनं बोलल्यागत का बोलताय? आपल्यासारखं बोला की.' तसं बोलायला लागलो आणि चॅनेल चालायला लागलं. इंदापूर, दौंड, फलटणकडची पोरं बघतात. कुणी सुट्टीत काम करून पैसे साठवतं, कुणी ओवाळणीचे जपून ठेवतं, आणि मला विचारतं, अमुक गेम पूर्ण किमतीला घ्यावा का? त्या पोरांची फसगत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. वाटतं ते वाटतंच. पण ज्या भाषेत मी रोज त्यांना 'थांबा' म्हणतो, ती भाषा मला तुम्ही दिली होतीत, आणि त्याच भाषेत मी तुम्हालाही 'थांबा' म्हणालो.

ह्या उन्हाळ्यात तुमचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. 'भाऊजी, आपली चंद्री परत आलीय!'

पल्लवीनं फोनवर दाखवलं होतं. जुनाच गेम घासूनपुसून, नवे रंग भरून, आताच्या कन्सोलवर चालेल असा करून कंपनीनं पुन्हा बाजारात आणला होता. ह्याला रीमास्टर म्हणतात, हे मी तुम्हाला समजावून सांगितलं. किंमत नव्या कोऱ्या गेमएवढी ठेवलीय, हेही सांगितलं. आणि मग भाषण सुरू केलं. गोष्ट तीच, वाटा त्याच, नुसतं पाणी चकचकीत केलंय आणि धुकं दाट केलंय. ज्यांनी एकदा पैसे मोजले त्यांनीच परत तेवढेच का मोजायचे? तुम्ही 'व्हय, व्हय' करत ऐकत होतात. शेवटी मी माझा ठेवणीतला मुद्दा काढला.

'वहिनी, मला सांगा, पातेल्याला कल्हई केली तर पैसे कल्हईचे द्यायचे का पातेल्याचे?'

तुम्ही जरा गप्प झालात. मला वाटलं, जिंकलो.

'कल्हईचं,' तुम्ही म्हणालात. 'पर पातेलं आपल्या घरात आसलं तर. आपलं पातेलं हाय का आता? ते गेलं कवाच. ह्यो माणूस कल्हई लावल्यालं पातेलं घिऊन दारात उभा हाय. त्याला काय म्हणू, पातेलं ऱ्हाऊ दे, नुसती कल्हई दे?'

मी 'तसं नसतं वहिनी' असं काहीतरी पुटपुटलो आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं.

त्याच आठवड्यात बारामतीतल्या एका गेमिंग कॅफेत बसून मी तो नवा गेम थोडा खेळलो आणि त्यावर व्हिडिओ केला. कल्हईचा मुद्दा त्यात घातला. लोकांना तो इतका आवडला की पोरं मला 'कल्हईभाऊ' म्हणायला लागली. तुमचं उत्तर मी घातलं नाही. घातलं असतं तर माझा मुद्दा उरलाच नसता. तुम्ही व्हिडिओ बघितलात, पल्लवीच्या फोनवरून लाइकही केलात, आणि मला एवढंच विचारलंत, 'भाऊजी, आन् माझं उत्तर कुठं गेलं?' रागानं नाही, हसत. मी पण हसलो.

श्रावणात तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, मग बारामतीतला दवाखाना. दादा पाळी करून यायचा, पल्लवी कॉलेज बुडवून बसायची, मी दुपारी दुकानातून थर्मास घेऊन यायचो, कारण तिथल्या चहाला तुम्ही 'भांडी धुतल्यालं पाणी' म्हणायचात. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. दादानं मला जिन्यात सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. हे इथं स्पष्ट लिहितो, कारण काही महिने गेले की मीच स्वतःला सांगायला लागेन, आपल्याला काय कल्पना होती म्हणून. मला कल्पना होती.

मध्ये तुम्हाला जरा बरं वाटलं, गणपतीत घरी सोडलं. तुम्ही कॉटवर उशीला टेकून बसलेल्या, समोर टीव्ही, टीव्हीखाली मी पल्लवीला देऊन टाकलेला माझा कन्सोल. सगळी तयारी होती, गेम तेवढा नव्हता.

'भाऊजी, आता नुसती पडून हाय मी. खेळायचं तर हेच दिवस हायती बघा.'

'दिवाळीला सेल लागतो. पुष्कळ स्वस्त मिळेल. सेल लागेपर्यंत थांबा, वहिनी.'

'पैसं मी देते. माझ्याकडं हायती की.'

'पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.'

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, 'तत्त्व कुठल्या दुकानात मिळतंय? तुमच्याच का?' मग पल्लवीला म्हणालात, 'लाव गं, ती तुझी मालिका लाव.' विषय संपला. तुम्ही कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा मागितली नाहीत कधी, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

तुम्ही गेल्यावर मी स्वतःसाठी एक छान कारण शोधून काढलं होतं. सेलपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे तुम्ही सेलपर्यंत आहात असं म्हणणं. आत्ता घेतला असता तर तुम्हाला वाटलं असतं, ह्यांनी आशा सोडली. ऐकायला किती बरं वाटतं. चारचौघांत सांगितलं तर लोक डोळे पुसतील. पण ते खरं नाही, वहिनी. त्या दिवशी माझ्या मनात असलं काही नव्हतं.

खरं कारण सांगतो. त्या कन्सोलवर अकाउंट माझंच चालू होतं. त्यावर कुठला गेम घेतला, कुठला खेळला, ते माझ्या नावाखाली सगळ्यांना दिसतं, आणि चॅनेल बघणारी पोरं तिथं येऊन बघत असतात. जगाला 'घेऊ नका' सांगणाऱ्या कल्हईभाऊनं स्वतः पूर्ण किमतीला घेतला, असा कुणीतरी फोटो काढून टाकला असता. चार दिवस चेष्टा झाली असती. मी भ्यालो ते त्या चेष्टेला. आणि तुमच्या नावानं वेगळं अकाउंट काढायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नसता. तेही सुचलं होतं. 'बघू निवांत' म्हणून ठेवून दिलं.

नंतर पुन्हा दवाखाना. एका दुपारी पल्लवी खाली औषधं आणायला गेली होती. तुमचे हात सुजले होते, बोलताना दम लागत होता.

'सेल कवा म्हणालात?'

'दिवाळीला.'

'मग काय. आलीच की दिवाळी.'

मला राहवलं नाही. मी म्हणालो, 'वहिनी, शेवट सांगू का?'

विचारलं आणि जीभ चावली. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. त्या एका प्रश्नातून तुम्हाला सगळं कळलं, डॉक्टर, दादा, जिना, सगळं. तरी तुम्ही हात उचललेत. एका हाताला सलाईन होतं, नळी ताणली गेली, चेहरा कळवळला, पण दोन्ही हात कानांवर नेलेतच. 'न्हाय. माझं मी बघीन.'

आणि मी तिथून उठून फोन काढला नाही. खाली पायऱ्यांवर बसून चार बटणं दाबली असती तर संध्याकाळी कन्सोल आणून त्या खोलीतल्या टीव्हीला जोडता आला असता. पुलापर्यंत मी खेळून ठेवलं असतं, पुढचं तेवढं तुम्ही. मी थर्मास विसळला आणि दुकानात गेलो.

दहावा नरसिंहपूरला केला, संगमावर. ऊन चढलं होतं. सणसरहून तुमचे चुलते आबा आले होते, माहेरची सगळी मंडळी होती, कंपनीतली माणसं होती. पिंड ठेवला, शेजारी तुमच्या आवडीची भजी आणि कपभर चहा. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. आबा सगळ्यांना हटवत होते, 'मागं सरा, मागं सरा. गर्दी केल्यावर कसं यील ते?' आम्ही मागं सरलो. तरी येईना.

मग एकेकानं पुढं होऊन कबूल करणं सुरू झालं. दादा पुढं झाला, हात जोडले, 'सुरेखा, पल्लवीला शिकवीन. तिच्या लग्नाची घाई करणार न्हाय.' कावळा हलला नाही. तुमच्या भावानं सांगितलं, माहेरची साडीचोळी पल्लवीला दर वर्षी येईल. आमच्या आईनं सांगितलं की दादाला एकटं ठेवणार नाही, इथं येऊन राहीन. कावळा तिथंच. आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

'आजून कुणाच्या मनात काय हाय? तिनं कुणाला काय बोलून दाखवलं आसंल तर सांगा, बाबांनो. लाजू नका.' आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, 'तुमी बोला की भाऊसाहेब. तुमी तर तिच्या लेकरागत वाढला.'

मी पुढं झालो. वाक्य तोंडात तयार होतं. वहिनी, तो गेम पूर्ण किमतीला घेतो. एवढंच. रोज कॅमेऱ्यापुढं तासतासभर बोलणारा माणूस मी. समोर दादाचे साहेब उभे होते, आबा होते, धोतर-टोपीतली म्हातारी माणसं होती. मी हात जोडले आणि म्हणालो, 'वहिनी, पल्लवीकडं आम्ही बघू.'

ते तर दादा कधीच बोलून गेला होता.

गुरुजींनी बराच वेळ वाट बघितली, मग दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. माणसं हळहळली, जीव कशात तरी अडकलाय म्हणाली आणि घाट चढायला लागली. कावळ्याला काय कळतं, हे मीही कुणालाही पटवून देऊ शकतो. शेजारी आणखी दोन घरांचे दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार. पण आबांनी विचारलं होतं ते मला, कावळ्याला नाही.

परत येताना गाडीत पल्लवी माझ्या शेजारी होती. ती बाहेर उसाकडं बघत बसली होती. निम्म्या वाटेत म्हणाली, 'काका, तुम्ही गेमचं बोलला नाहीत.'

'हसले असते गं सगळे.'

'हसू द्यायचं होतं,' ती म्हणाली. 'आईला आवडलं असतं ते.'

तिला माझा राग आला असता तर सोपं गेलं असतं. घरी पोचल्यावर तिनंच मला पाणी आणून दिलं.

काल मेसेज आल्यावर मी दुकान बुडवलं आणि वालचंदनगरला गेलो. दादाची सुट्टी होती. तो तुमच्या कॉटवर बसून नेलकटरनं नखं काढत होता. मी त्याला सगळं सांगितलं, सातवीपासून. दुपारी तुम्ही खेळायचात, भोंगा झाला की माझ्या मांडीवर कंट्रोलर टाकून पळायचात, कल्हई, गणपती, दवाखाना, घाट. सांगताना त्याच्याकडं बघवत नव्हतं. तो नखं काढत राहिला. शेवटी म्हणाला, 'मग घे की आता. स्वस्त झालाय म्हणतोस.'

'स्वस्तात नाही घेणार, दादा. सेल भाऊबीजेला संपतो. संपू दे. मग पूर्ण किमतीला घेतो.'

'येडा हायेस का?'

'असेन.'

दादानं नेलकटर खाली ठेवलं आणि टीव्हीकडं बघितलं. टीव्ही बंद होता. मग म्हणाला, 'मी आलो की ती चहाच्या भांड्याजवळ उभी दिसायची. मला वाटायचं दुपारभर तितंच आसती. घेतलास की सांग. ती काय बघत हुती ते मला बी बघायचंय.'

हे ऐकून वाटलं, त्या दिवशी घाटावर हा माणूसही उभा होता, आणि त्याला बायकोच्या मनातलं काय राहिलं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

वहिनी, आपला वाद मी अजून सोडलेला नाही. तो गेम महाग आहे. त्या पोरांना मी अजूनही थांबाच म्हणेन. त्यांच्यापुढं पुष्कळ दिवाळ्या आहेत. पण तुमचं उत्तर मी आता व्हिडिओत सांगणार आहे, तुमच्या नावासकट, तुम्ही बोललात तसंच. तुमच्यापाशी पातेलं नव्हतं, आणि मी तुमच्याशी कल्हईचा भाव करत बसलो. पूर्ण किंमत देऊन आता तुम्हाला काही मिळणार नाही, हे मला कळतं. ती फेड नाही. माझ्या नावाखाली तो गेम सगळ्यांना दिसू दे, हसायचं त्यांना हसू दे, एवढंच.

सेल संपला की दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरवर येतो. सतरंजी घालतो, दादाला आणि पल्लवीला शेजारी बसवतो. पहिल्यापासून खेळायचा, चढावर हौशाला पाणी पाजत, काही घाई न करता. भोंगा झाला तरी उठायचं नाही. चंद्री पुलावर येईल, पाय उचलेल, आणि ह्या वेळी तो पाय खाली टेकेल. पुलापलीकडं खेळायचं काही उरत नाही, शेवट आपला आपण चालतो. तिथं मी कंट्रोलर तुमच्या बसायच्या जागी ठेवणार आणि दोघांना उठवणार. दादा कुरकुरेल, पण तुमच्याआधी त्यानंही बघायचं नाही. टीव्ही चालू, आवाज मोठा, दार लोटलेलं. आबा म्हणाले होते तसे आम्ही तिघं मागं सरू, बाहेर ओट्यावर जाऊन बसू.

मग वहिनी, तुमचं तुम्ही बघा.